तुम्ही म्हणता, काही गाणी आपल्यापुरतीच ठेवा

नमस्कार,

इंडी बँडांवरच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांशिवाय स्वतःच्या बळावर संगीत काढणाऱ्या बँडांवरच्या मागच्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवं संगीत सुचवायला आता अ‍ॅप आहेत, त्यामुळे हौशी माणसाच्या याद्यांची गरज उरलेली नाही, हा तुमचा पहिला मुद्दा. मी ज्यांच्यावर लिहितो त्यांचं फक्त कौतुक करतो, त्यामुळे लेखन जाहिरातीसारखं वाटतं, हा दुसरा. आणि तिसरा, जो तुम्ही सगळ्यात तळमळीनं मांडलाय: छोट्या बँडचा गाजावाजा झाला की तो आपला राहत नाही, कार्यक्रमांना गर्दी होते, पुढचा अल्बम त्या गर्दीसाठी बनतो. "काही गाणी तुमच्यापुरतीच ठेवा की," असं तुम्ही शेवटी लिहिलंय.

या शेवटच्या वाक्यामागे गाण्यावरचं प्रेम आहे हे मला कळतं. म्हणूनच दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

अ‍ॅपपासून सुरुवात करतो. मीही ती वापरतो. स्पॉटिफायची 'डिस्कव्हर वीकली' 2015पासून दर सोमवारी नवी यादी देते आणि त्यातून मला चांगली गाणी मिळालेली आहेत. अशा याद्यांचं मूळ तत्त्व असं: तुमच्यासारखी आवड असलेल्यांनी जे ऐकलं आणि तुम्ही अजून ऐकलेलं नाही, ते तुमच्यापुढे ठेवायचं. गाण्याची लय, सूर, आवाजाचा पोत हेही मोजलं जातं. पण डोलाऱ्याचा मोठा भाग आधी कुणीतरी ऐकलेलं असण्यावर उभा आहे. कुणी काल रात्री खोलीत बसून ईपी (मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम) पूर्ण केली, तर तिला अजून श्रोताच नाही. मग ती कुणासारखी आणि कुणाला आवडेल, हे गणित कशावर मांडणार? या क्षेत्रातले इंजिनिअर याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. तो पहिला श्रोता कुणीतरी व्हावं लागतं, आणि बहुतेक वेळा तो आपणहून शोधत गेलेला एखादा वेडा चाहता असतो.

जाहिरातीचा विषय तुम्ही काढलाच आहे, तर तोच प्रश्न अ‍ॅपलाही विचारा. स्पॉटिफायनं 2020मध्ये 'डिस्कव्हरी मोड' आणला. लेबलनं (संगीत कंपनीनं) किंवा कलाकारानं काही गाण्यांसाठी कमी रॉयल्टी, म्हणजे ऐकण्यामागे मिळणारा मोबदला, मान्य केली, की अ‍ॅपच्या रेडिओत आणि यादी संपल्यावर आपोआप वाजणाऱ्या ऑटोप्लेमध्ये ती गाणी पुढे येण्याची शक्यता वाढते. यादी ऐकताना कुठलं गाणं या वाटेनं आलं, हे आपल्याला ओळखता येत नाही. मी एखादा अल्बम सुचवला, तर "का?" असं तुम्ही मला विचारू शकता आणि मला उत्तर द्यावं लागतं. माझ्या मते शिफारशीची किंमत या उत्तरदायित्वात आहे.

कॉनी कॉन्व्हर्सचं उदाहरण देतो, कारण माझ्या डोक्यातून ते कधी जात नाही. 1950च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये राहून ही बाई गिटारवर स्वतःची गाणी लिहायची आणि मित्रमंडळींत गायची. तोवर 'गायक-गीतकार' असा काही प्रकार बाजारात रुजलेला नव्हता, लेबलांना तिच्यात रस वाटला नाही. जीन डाइच नावाच्या अ‍ॅनिमेटरला ध्वनिमुद्रणाचा नाद होता. त्यानं 1954च्या सुमारास आपल्या घरी तिची गाणी टेपवर घेतली. 1974मध्ये ती घरच्यांना पत्रं लिहून गाडीतून निघून गेली, आणि पुन्हा कुणालाही दिसली नाही. 2004मध्ये म्हातारा झालेला डाइच न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी रेडिओवर डेव्हिड गार्लंडच्या कार्यक्रमात आला आणि त्यानं तिचं एक गाणं वाजवलं. ते ऐकून एक तरुण इतका हलला, की त्यानं मित्राला सोबत घेऊन त्या टेपांचा माग काढला. 2009मध्ये तिचा पहिला अल्बम निघाला. ध्वनिमुद्रण होऊन तोवर अर्धशतक उलटलं होतं.

आता यात काय काय होतं ते पाहा. एकानं टेप जपून ठेवली. एकानं ती ऐकवायला माईक दिला. एकानं ऐकून सोडून न देता पुढचं काम अंगावर घेतलं. तिघांनाही त्यातून काही मोठं मिळणार नव्हतं. "हे माझ्यापुरतंच राहू दे" असं डाइच म्हणाला असता, तर कॉनी कॉन्व्हर्स हे नाव आज आपल्याला ठाऊक नसतं.

मी स्वतः गाणी कशी शोधतो, हेही तुम्ही जरा खोचकपणे विचारलंय. खरं तर मला ते सांगायला आवडतंच. आवडलेल्या अल्बमचे क्रेडिट्स वाचतो: ड्रम्स कुणी वाजवलेत, मिक्सिंग (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणं) कुणाचं, मास्टरिंग (त्यावरचा शेवटचा हात) कुठे झालं. एकाच मिक्सिंग इंजिनिअरच्या नावावरून पाच अनोळखी बँड सापडतात, आणि त्यांच्यात आवाजाचं एक नातं असतं जे शैलीच्या नावात कधी मावत नाही. छोट्या लेबलचा पूर्ण कॅटलॉग सुरुवातीपासून ऐकतो. कार्यक्रमाला वेळेआधी जातो, कारण मुख्य बँडच्या आधी वाजवणारा बँड अनेकदा मुख्य बँडनंच आपल्या आवडीनं निवडलेला असतो. न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयूसारख्या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या रेडिओवर निवेदक आपल्या मनानं काहीही वाजवतात आणि वाजवलेल्या गाण्यांची यादी वेबसाइटवर टाकतात. तिथे तर तासन्‌तास जातात. बँडकॅम्प या कलाकारांचं संगीत थेट विकणाऱ्या वेबसाइटवर अल्बमच्या पानाखाली तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी चित्रं दिसतात. त्यातल्या एकावर क्लिक केलं, की त्या माणसाचा अख्खा संग्रह उघडतो. पैसे मोजून जमवलेला संग्रह माणसाच्या कानाबद्दल जितकं सांगतो, तितकं दुसरं काहीच सांगत नाही.

फक्त कौतुक करण्याबद्दल फार लिहीत नाही. महिन्याभरात ऐकतो त्यातलं बहुतेक मी लेखात घेत नाही. माझी टीका त्या गाळण्यात झालेली असते. ज्यांना ओळखणारी माणसं दोनशेच आहेत, अशा बँडवर झोड उठवून वाचकाच्या हाती काय पडतं? ज्याचं नावच ऐकलेलं नाही, त्यापासून कुणाला सावध करायचं? नाव मोठं झालं, जाहिरातीचा पैसा मागे उभा राहिला, की मग कठोर लिहिण्याला अर्थ येतो.

आता तुमचा खरा मुद्दा, 'आपल्यापुरतं'.

इंडी संगीताची परंपरा लपवण्याची नाही. 1977च्या जानेवारीत इंग्लंडच्या बझकॉक्स या बँडनं ओळखीच्यांकडून उसने पैसे घेऊन स्वतःची ईपी स्वतःच काढली, आणि वेष्टणावर कुठलं गाणं कितव्या टेकचं (कितव्यांदा वाजवून मुद्रित केलेलं) आहे, वरून काय मिसळलंय, तेही छापलं. पुढच्याच वर्षी स्क्रिटी पोलिटी या बँडनं पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टणावर ध्वनिमुद्रणापासून छपाईपर्यंतचा खर्च कलमवार दिला. हेतू उघड होता: आम्हाला जमलं, तुम्हालाही जमेल, हिशेब हा घ्या. ज्या संगीतानं आपला हिशेबसुद्धा झाकला नाही, त्याचा चाहता मी, आणि मी नावं झाकून ठेवायची, हे मला पटत नाही.

झाकलेलं टिकतं असंही नाही. मायस्पेस या सोशल मीडिया साइटवर एके काळी जगभरच्या हौशी बँडांनी आपली गाणी ठेवली होती. 2019मध्ये उघड झालं, की सर्व्हर हलवताना 2003 ते 2015 या काळात चढवलेलं संगीत नष्ट झालंय. गाण्यांचा आकडा पाच कोटींच्या घरात सांगितला गेला. त्यातली सुमारे 4 लाख 90 हजार गाणी इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयावर परत आली, ती केवळ कुणीतरी अभ्यासासाठी आधीच उतरवून घेतली होती म्हणून. हे वाचलं तेव्हापासून आवडलेला अल्बम मी विकत घेऊन डाउनलोड करतो आणि इतरांनाही तसंच करायला सांगतो.

मात्र तुमच्या म्हणण्यातली एक गोष्ट मला अगदी मान्य आहे. नुसती गर्दी वाढल्यानं कलाकाराचं भलं होत नाही. बहुतेक स्ट्रीमिंग सेवांवर तुमची वर्गणी तुम्ही ऐकलेल्या बँडकडे थेट जात नाही. सगळ्यांचे पैसे एका मोठ्या पेटीत जमा होतात आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्यानुसार वाटले जातात. महिनाभर तुम्ही एकच छोटा बँड ऐकलात, तरी तुमच्या पैशाचा मोठा भाग जगातल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांकडे जातो. स्पॉटिफायवर 2024पासून गेल्या बारा महिन्यांत 1,000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग सेवेनं 2021मध्ये ऐकणाऱ्याचे पैसे त्यानं ऐकलेल्यांनाच देण्याची पद्धत स्वतंत्र कलाकारांसाठी सुरू केली, पण तो अपवाद आहे.

गाणं पसरलं आणि माणूस मागे राहिला, याचं सगळ्यात बोचरं उदाहरण रॉड्रिगेझचं. डेट्रॉइटच्या या गायकाचा पहिला अल्बम 1970मध्ये आला आणि अमेरिकेत कुणी ढुंकून पाहिलं नाही. दक्षिण आफ्रिकेत मात्र तो हातोहात, टेपवरून टेपवर गेला, वर्णभेदाच्या काळातल्या एका पिढीचा आवाज झाला. हा गायक मंचावरच मेला, अशी अफवा तिथे पक्की बसली होती. इकडे तो माणूस डेट्रॉइटमध्ये बांधकामं पाडण्याची अंगमेहनत करत होता. आपण तिकडे प्रसिद्ध आहोत याचा त्याला पत्ता नव्हता, रॉयल्टी तर दूरच. 1990च्या दशकाअखेरीस काही चाहत्यांनी त्याचा शोध घेतला आणि 1998मध्ये तो तिथे हजारो लोकांसमोर गायला.

मला यातून जे दिसतं ते असं: टेपा वाटणाऱ्यांनी गाणं पोचवलं, पण "हा माणूस आहे कुठे?" असं विचारणाऱ्यांमुळे त्याचं आयुष्य बदललं. शिफारस करणाऱ्यानं श्रोत्याला गाण्यापाशी सोडून थांबू नये, गाणं करणाऱ्याच्या दारापर्यंत न्यावं. म्हणून माझ्या प्रत्येक लेखात कलाकाराचं पूर्ण नाव, वादक, इंजिनिअर आणि विकत घेण्याची जागा आधी येते. स्ट्रीमिंगची लिंक त्यानंतर. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर 15 टक्के आणि वस्तूंवर 10 टक्के घेतं. 2020च्या मार्चपासून काही ठरावीक शुक्रवारी तोही वाटा सोडून देतं. खरेदीसाठी मी शक्यतो तेच दिवस धरतो. ही कंपनीही 2022पासून दोनदा विकली गेली, 2023मध्ये तिच्या निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यामुळे तिच्यावरही डोळे मिटून विसंबत नाही. बँडची स्वतःची वेबसाइट असेल तर ती लिंक सगळ्यात वर.

तुम्ही म्हणता ती गर्दी मीही अनुभवली आहे. पुढच्या रांगेतून पाहिलेला बँड नंतर मोठ्या हॉलमध्ये दुरून पाहताना काहीतरी हरवल्यासारखं होतं, आणि कधीकधी दुसरा अल्बम खरंच फिका निघतो. पण गर्दीमुळे बिघडलेल्या बँडांपेक्षा, श्रोतेच न मिळाल्यानं वाद्यं विकून नोकरीला लागलेले मी कितीतरी जास्त पाहिलेत. त्यांचे दुसरे अल्बम फिके नाहीत. ते झालेच नाहीत. तीनशे माणसांनी अल्बम विकत घेतला तर पुढच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च निघू शकतो. तेवढी तीनशे माणसं मिळवून देणं आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं काम आहे.

एक मर्यादा मी पाळतो. कलाकारानं स्वतः एखादं रेकॉर्डिंग मागे घेतलं असेल, किंवा ते मोजक्यांसाठीच आहे असं सांगितलं असेल, तर ते मी कुणाला पाठवत नाही. गाणं लहान ठेवायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्याचा. तुमचा किंवा माझा नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत तुम्ही एका तीन जणांच्या बँडबद्दल फार सुंदर लिहिलंय, नाव मात्र मुद्दाम टाळलंत. ते नाव मी मागत नाही. पण त्यांची दुसरी ईपी विक्रीला असून कुणी घेत नाही, असंही तुम्हीच म्हणालात. त्यांना विचारून पाहा, त्यांच्याबद्दल लिहिलेलं चालेल का. हो म्हणाले, तर लेख तुम्हीच लिहा. मी तो जसाच्या तसा छापतो, त्यांची विक्रीची लिंक पहिल्या ओळीत देऊन.