शेवटची सही कशी काढायची

सोसायटी रिडेव्हलपमेंटला काढलीत, अभिनंदन. 2019 च्या जीआरप्रमाणे 51 टक्के सभासदांची संमती पुरते, ती तुम्हाला वडापाव आणि चहावर मिळाली पण असेल, पण बिल्डिंग काही 51 टक्के पाडता येत नाही ना, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या नुसतं "बघू हं" म्हणून दार लावतात, त्यांना पटवायचं काम आता तुमच्या गळ्यात.

पहिल्या भेटीत बिल्डरचं नावसुद्धा काढायचं नाही. चपला बाहेर काढा. पोहे आले की पहिल्या घासाला डोळे मिटा, "काकू, ही चव अख्ख्या पार्ल्यात राहिली नाही". मग भिंत. ओल असणारच, पण आपण ओल बघायची नाही, ओलीवर टांगलेला काकांचा फोटो बघायचा. "काका असते तर आज चेअरमन तेच असते." काका आयुष्यभर मेंटेनन्सवरून कमिटीशी भांडले हे आपण विसरायचं, काकूही विसरतात, मी स्वतः पाहिलंय.

मग आश्वासनं. इथे चिक्कूपणा नको, आपल्या खिशातलं काय जातंय? पूर्वेची खिडकी, दिली. लोणच्याच्या बरण्यांना माळा, दिला. तोच शेजार, गॅलरीतून तोच आंबा (आंबा सगळ्यात आधी जाणारे, पण ब्रोशरमधे त्या जागी हिरवं काहीतरी छापलंय, त्यावर बोट ठेवा). भाडं दर महिन्याला, 36 महिन्यांत चावी.

अडचण एकच, काकू बँकेतून रिटायर झाल्यात. त्या सहकार कायद्याच्या कलम 79अ चे, म्हणजे रिडेव्हलपमेंटचेच, नियम काढून विचारणार, "प्रोजेक्ट कॉस्टच्या 20 टक्के बँक गॅरंटी बिल्डरने दिली का?" घाबरायचं नाही. "काकू, एवढी बारीक नजर कमिटीत कुणाचीच नाही, तुम्ही सबकमिटीत याच!" प्रश्न विचारणाऱ्याला पद दिलं की प्रश्न मीटिंगच्या मिनिट्समधे जातो आणि तिथेच राहतो.

आणि हो, पेन स्वतःचं न्या. एकदा काकू पेन शोधायला आत गेल्या की बाहेर येताना कानाला फोन असतो, फोनवर पुण्याची मुलगी असते, आणि ती वकील आहे.