जरा कोड करून दे ना!

अरे तुला कोडिंग येतं ना, मग हा घे पीडीएफ, सरांची ट्रेडिंगची स्ट्रॅटेजी आहे, पाइन स्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्या ट्रेडिंगव्ह्यू चार्टच्या कोडिंग भाषेत, बसव आणि टाक ग्रुपवर, सगळ्यांचं भलं होईल! वा रे वा. कोर्स घेताना 'कुणाला शेअर करणार नाही' वर टिक कुणी केली, शेजाऱ्याने? वर ह्यांची वकिली, "आयडियावर कॉपीराइट नसतो." हो बाबा, नसतो. आपल्याकडे नुसत्या अल्गोरिदमला पेटंटही नाही, वाइल्डरने १९७८ ला मांडलेला आरएसआय, म्हणजे भावाचा जोर मोजणारा इंडिकेटर, आज कुणीही लिहावा. पण त्या माणसाने स्वतः बसून लिहिलेला कोड, पीडीएफ, व्हिडिओ? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम चक्क साहित्यकृतीत मोजतात, वाच की कधीतरी!

आणि ती दुसरी जमात तर विचारूच नका, कुणीतरी सगळ्यांसाठी खुला ठेवलेला इंडिकेटरचा कोड उचलायचा, वरच्या दोन ओळी म्हणजे मोझिला लायसन्स (कोड वापरायच्या अटी) आणि मूळ लेखकाचं नाव, नेमक्या तेवढ्याच उडवायच्या, रंग हिरव्याचा निळा करायचा, सेटिंगमधलं १४ चं १३ करायचं आणि नाव काय तर 'महाबली प्रो', फक्त ४,९९९! बारसं दुसऱ्याच्या पोराचं आणि आहेर ह्यांना. त्यावर रोज बाय-सेलचे कॉल, सेबीचं रजिस्ट्रेशन विचारलं की ग्रुपमधून रिमूव्ह.

मूळ लेखकाला एक मेसेज टाकून विचारायला काय पैसे पडतात का? "नको रे, नाही म्हणाला तर?"

आणि एवढं करून लॉस झाला की शिव्या कुणाला? कोड करणाऱ्याला!