विशारद झालं म्हणजे आकाशवाणीत नोकरी? नाही हो!

नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘बासरीत विशारद करा, आकाशवाणीत कायमची नोकरी मिळवा.’ माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईने तर ‘सर, फॉर्म कुठे मिळतो?’ असंच विचारलं. म्हणून हा खुलासा.

विशारद ही गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा. आकाशवाणीची ऑडिशन वेगळीच. ती पास झालात तर ग्रेड मिळते : बी, बी-हाय, ए, टॉप. पण ग्रेड म्हणजे नेमणूक नव्हे. कार्यक्रम मिळाला की त्याचं मानधन, इतकंच. सिव्हिल लाइन्समधल्या केंद्रात वाजवून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी शिकवण्याच घेत असतो. मीही घेतो. शिकवणी, साथसंगत, रेकॉर्डिंग, लग्नातलं स्वागतवादन, असं जोडून जोडून घर चालतं.

‘मग बासरीवादक हरिप्रसाद चौरसियांना आकाशवाणीत नोकरी कशी लागली?’ असं पालक विचारतात. लागली, खरंय. 1957 मध्ये कटक केंद्रावर. पण तो काळ वेगळा, आणि त्याआधी त्यांनी स्टेनोग्राफरचं कामही केलं होतं, हे मेसेजवाले सांगत नाहीत.

आणि खर्च! मेमध्ये आपल्याकडे पारा 45 ला टेकला की बांबू तडकतो. दोऱ्याचे वेढे घट्ट आवळा, आतून तेल फिरवा, तरी माझी ई स्केलची बासरी मागच्या उन्हाळ्यात फुंकेच्या भोकापासून चिरलीच. तिचे पैसे कोणती ग्रेड देते?