काका, 'घाबरवताय' म्हणालात म्हणून जरा लांब उत्तर

नमस्कार काका. "आमच्या काळी निम्मी पोरं बोबडी होती, आपोआप सुधारली, तुम्ही स्पीच थेरपीवाले उगा आईबापांना घाबरवता, नातू घरात तेलुगू न् शाळेत इंग्लिश यानंच गोंधळलाय, वेखंड चालू केलंय" असं तुम्ही लिहिलंय.

आपोआप सुधारतं हे बऱ्याच पोरांच्या बाबतीत खरंय. तीन वर्षांचं पोर र ला ल म्हणत असेल तर मीच आईला सांगते, निवांत रहा. र, श, ळ उशिराच येतात, पाच-सहा वर्षं पण लागतात. पण क-ग लवकर येतात, त्यामुळं चार वर्षांचं पोर काकाला 'ताता' न् गाडीला 'दाडी' म्हणतंय आणि बाहेरच्या माणसाला त्याचं निम्मं कळत नाही, तर तिथं कशाची वाट बघायची? आणि जी सुधारली नाहीत ती तुम्हाला आठवत नाहीत, कारण पोरं हसतात म्हणून ती वर्गात तोंडच उघडायची नाहीत.

तेलुगूचं म्हणाल तर दोन-तीन भाषांनी उच्चार बिघडत असते तर तेलुगू-मराठी दोन्ही बोलणारा आपला अख्खा पूर्व भाग बोबडा असता की ओ! खरी अडचण असली की ती दोन्हीकडं दिसते, मराठीत कोंबडीची 'तोंबडी' तशी तेलुगूत कोडीची 'तोडी'. फक्त मराठी बोलताना भाताचा 'बात' होत असेल तर तो तेलुगूचा हेल आहे, त्याला थेरपी बिरपी काही लागत नाही. आजीशी तेलुगू बंद केली तर पोर आजीला तुटेल, क काही येणार नाही.

वेखंड मात्र थांबवा. त्यात बीटा-असारोन नावाचं घातक रसायन असतं, अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत वेखंडाला बंदी आहे. जिभेखालची शीर कापायची पण घाई नको, जीभ टाळूला लागत असेल तर कारण बहुतेक वेगळंच असतं.

आधी कान तपासा. सारखी सर्दी असलेल्या पोरांच्या पडद्यामागं पाणी साठतं, ऐकू कमीजास्त येतं आणि घरच्यांना वाटतं लक्ष देत नाही. लहान पोर सांगू शकत नसेल तर बेरा (BERA) नावाची ऐकण्याची टेस्ट असते, झोपेत होते, दुखत नाही.

मग थेरपी. त्यात शिट्ट्या फुंकायला लावून क येत नाही, तो क म्हणूनच येतो. 'कार' न् 'तार' अशी दोन चित्रं ठेवायची, पोरानं मागितलं कार, तोंडातून आलं तार, तर तारच हातात द्यायची. आपण म्हटलेलं समोरच्याला वेगळंच कळतंय हे त्याचं त्यालाच समजतं, मग ते धडपडतं. घरी रोज पाच-दहा मिनिटं खेळत करा, रागावून नको. थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असलेलाच बघा, आमच्यातही कुणीही बोर्ड लावून बसतंय.

नातवाचं वय तेवढं लिहायचं राहिलंय बघा. ते सांगा, आणि तो कोणती अक्षरं चुकतो तेही, मग थांबायचं का दाखवायचं ते बोलू.