दिवाळीआधी एक विनंती: देवघरातलं नाणं घासू नका

गेल्या रविवारी आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीतल्या काकूंनी खणाच्या कापडाची पुरचुंडी माझ्यासमोर उघडली. आत सासूबाईंकडून आलेली एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, आणि चांदीचे तीन रुपये. चारही लखलखीत. "दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून घासते. सासूबाईंनी घालून दिलेली पद्धत," काकू म्हणाल्या. मला पटकन बोलवेना, कारण त्यांनी सगळं मायेनं केलं होतं.

शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' असतं, दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. काकूंच्या नाण्यावर 'राजा' कसंबसं लागतं, पुढचं गेलंय. शिवराई हातानं ठोकलेली. ठसा मोठा, चकती लहान, म्हणून पूर्ण मजकूर क्वचितच बसतो. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'सीव'. त्यात महाराजांच्या नावाची ही नाणी पेशवाईतही पाडली जात होती. मग हातातलं नाणं १६७४च्या राज्याभिषेकाच्या आसपासचं की शंभर वर्षांनंतरचं, हे ठरवायचं अक्षरांच्या वळणावरून आणि वजनावरून. दोन्ही गोष्टी घासण्यानं कमी होतात.

तांब्यावरचा तपकिरी थर आणि चांदीवरचा काळपटपणा म्हणजे मळ नव्हे. चांदी हवेतल्या गंधकाशी मिळून काळी पडते, म्हणजे तो थर चांदीचाच असतो. तो काढला की नाण्याचा तेवढा भाग गेला.

१९०६मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. खाली नहपानाच्या चेहऱ्याच्या अंधुक खुणा, वर सातवाहनांची चिन्हं. कोणी कोणाला हरवलं, ते त्या नाण्यांनी सांगितलं. मला दर वेळी वाटतं, हा साठा एखाद्या हौशी माणसानं चिंचेच्या पाण्यात टाकला असता तर त्या अंधुक खुणांचं काय झालं असतं?

मीही हे पाप केलंय. आजोबांनी दिलेला १९०५चा, इंग्रज राजा सातव्या एडवर्डचा रुपया शाळेत असताना रांगोळीनं घासला. टांकसाळीतून निघालेलं नवं नाणं दिव्याखाली फिरवलं की उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा त्यावरून फिरतो. माझ्या रुपयावर उजेड जिथल्या तिथे राहतो, आणि भिंगाखाली शेकडो बारीक ओरखडे दिसतात. नाण्यांची प्रत १ ते ७० अशा मापानं ठरवतात, पण घासलेल्या नाण्याला परदेशी ग्रेडिंग कंपन्या सहसा आकडाच देत नाहीत, 'साफ केलेलं' एवढाच शेरा मारतात. एडवर्डच्या कानावरचे केस अजून स्पष्ट आहेत, तरी त्याचा उपयोग नाही.

काकूंचे रुपये खरे निघाले, एवढं समाधान. जुना चांदीचा रुपया म्हणजे जुन्या मापानं बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्यानं पाण्यात अधांतरी धरा. नाण्यानं सारलेल्या पाण्याचं वजन म्हणून काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवा. मात्र १९४०पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच, तिथे हा आकडा लागू नाही. कडेवर सांध्याची रेघ किंवा अंगावर बारीक छिद्रं दिसली तर नाणं ओतीव समजा. आणि रामसीता असलेलं, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १६१६, १७१७, १८१८ अशी सालं घातलेलं 'अर्धा आणा' कुणी विकायला आणलं तर एक पैसाही देऊ नका. कंपनीनं अशी नाणी कधी पाडलीच नाहीत.

नाणं कडेनं धरा, सुती कापडात किंवा कागदी पाकिटात ठेवा. पीव्हीसीची मऊ पाकिटं टाळा, त्यांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पण हिरवी भुकटी सुटत असेल तर तो धातूचा रोग आहे, ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवून जाणकाराला दाखवा.

निघताना काकूंनी विचारलं, "मग पंचामृताचं काय रे? लक्ष्मीला आंघोळ नको?" मी म्हटलं, काकू, आंघोळ सुपारीला घाला, नाणी शेजारच्या वाटीत अक्षतांवर ठेवा, हळदकुंकूही वाटीलाच लावा. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग पुरचुंडी बांधत म्हणाल्या, "सासूबाईंनाही चाललं असतं हे."