भिंती सजवल्या, कॉफीचं काय?

सायगॉनमध्ये राहून तिसरं वर्ष चालू आहे, तरी रोज सकाळी तोच वैताग! कॉफी पिकवण्यात व्हिएतनाम ब्राझीलनंतर जगात दुसरा, रोबस्टा या कडक जातीच्या कॉफीत तर पहिला. मग कपात हे असलं काय येतं?

कॅफे गल्लोगल्ली आहेत. वेली, झुंबरं, फोटोसाठी खास कोपरे. कॉफी मात्र सकाळीच पातेलंभर काढून बाटल्यांत भरलेली. अहो, फिन कुठे गेला? कपावर ठेवायची ती पत्र्याची छोटी गाळणी, थेंब थेंब पडणारी कॉफी, चार-पाच मिनिटं निवांत बसणं, हीच तर इथली खरी कॉफी! आता तो फिन फळीवर शोभेला मांडतात.

साखरेचं तर विचारूच नका. ‘खोंग दुओंग’, म्हणजे साखर नको, असं दोनदा सांगूनही गोडच येते. दुधाची घ्यावी तर कंडेन्स्ड मिल्कचा बोटभर थर. आणि स्वस्त पुडीत भाजलेला मका नि सोयाबीन मिसळायची खोड इथे जुनीच. घोट घेतला की जळका वास आधी येतो. मला हे सहन होत नाही. डाक लाक या कॉफी पिकवणाऱ्या प्रांताच्या डोंगरांत शेतकरी वर्षभर राबतो, त्याच्या दाण्याचं असं मातेरं करायचं?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी बुटकी प्लास्टिकची स्टुलं मांडून अजून फिनची कॉफी देतात. कडक, स्वच्छ, मागितली तशी. पण नऊ वाजता त्यांचं सामान आवरलेलं असतं, आणि मी सुटतो साडेनऊला.