फुकटच्या धान्यामुळे मजूर मिळत नाहीत, असं म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पेरणी किंवा कापूस वेचणी आली की एक मेसेज गावागावांतल्या ग्रुपवर फिरायला लागतो. त्यात साधारण असं असतं: रेशनवर गहू-तांदूळ फुकट, लाडक्या बहिणीला महिन्याला दीड हजार, मग शेतात कोण राबेल? फुकट्या योजनांनी लोक आळशी झाले, टॅक्स भरणाऱ्यांच्या पैशावर जगायला लागले, आपली श्रीलंका होणार. पैसे वाटण्यापेक्षा काम द्या. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझे जवळचे लोकही आहेत आणि त्यांची अडचण खरी आहे. पण त्यांनी दोष भलत्याच माणसाच्या माथी मारला आहे.

‘घरबसल्या भागतंय, मग कामाला कशाला जातील?’

आधी हिशोब करू. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला २० किलो. बाजारात तेवढं धान्य सातशे-आठशे रुपयांना पडेल. त्यात लाडकी बहीणचे १,५०० धरा. दोन्ही मिळून झाले सव्वादोन हजारांच्या आसपास. निंदणी-खुरपणीला बाईला दिवसाला ३०० रुपये मिळत असतील, तर ही सगळी मदत तिच्या सात-आठ दिवसांच्या मजुरीएवढी होते. महिन्याचे बाकीचे दिवस काय करायचं? तेल, गॅस, पोराची फी, सासूची बीपीची गोळी, बचत गटाचा हप्ता हे त्यातून निघत नाही. शिवाय ते ‘फुकट’ धान्य घ्यायलाही रेशन दुकानाच्या रांगेत उभं राहावं लागतं. खुरपं धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा मशीन घेत नाही. रेंज नसली तर ‘उद्या या’. त्या दिवसाची मजुरी तिची तीच बुडवते.

‘योजनांमुळेच मजूर मिळेनात’

हा मुख्य आरोप आहे, म्हणून यावर जरा थांबतो. फुकट धान्याने बायका घरी बसल्या असत्या, तर ते सरकारी पाहणीत दिसलं असतं. ग्रामीण भागातल्या १५ वर्षांवरच्या महिलांचा श्रमशक्तीतला सहभाग (म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण) देशात २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४७.६ टक्के झाला. मधल्या काळात, २०२० पासून, मोफत धान्य सुरू झालं. ही वाढ त्या धान्यामुळे झाली असं मी म्हणत नाही. त्यात घरच्या शेतात बिनपगारी राबणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. पण बायका काम सोडून बसल्या, असं म्हणायला या आकड्यांत काहीच आधार नाही.

नोबेल मिळवलेले अभिजित बॅनर्जी (त्यांची आई मराठी) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात रोख मदत योजना तपासल्या. पैसे मिळाले म्हणून लोकांनी काम कमी केल्याचा ठोस पुरावा त्यांना कुठेच सापडला नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात असंघटित कामगार बायकांच्या ‘सेवा’ संघटनेने २०११-१२ च्या सुमारास काही गावांत प्रत्येकाला दरमहा थोडी रोख रक्कम देऊन पाहिली. तिथे लोकांचं काम वाढलं. मात्र दुसऱ्याच्या शेतातली मजुरी सोडून काही जण स्वतःच्या शेतात, स्वतःच्या बकऱ्यांमागे लागले.

मेसेजमागची खरी खदखद मला इथे दिसते. हाती थोडं धान्य असलं की मजूर ‘एवढ्या पैशात येत नाही’ म्हणू शकतो. दोन गावं ओलांडून जिथे मजुरी जास्त मिळते तिथे जातो, तरणी पोरं एमआयडीसीत किंवा शहरात बांधकामावर जातात, बायका टोळी करून उक्तं काम घेतात. याला आळस कसं म्हणता येईल?

नाही म्हणायची सोय नसली की काय होतं, ते बीड जिल्ह्यात बघा. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून आधी उचल घेतं आणि हंगामभर ती फेडतं. एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीचे चार दिवस परवडत नाहीत, पोटदुखीवर थांबून उपचार घेणं परवडत नाही. बीडमध्ये २०१९ च्या सुमारास झालेल्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यामागे एकच कारण नाही, खासगी दवाखान्यांची हावही आहे. पण खाड्याची भीती त्यात आहेच. अशा बाईच्या हातात महिन्याला दीड हजार आले, तर समाज बिघडतो असं मला कुणी पटवून द्यावं.

‘आमच्या टॅक्सच्या पैशावर’

मजूर बाई साबण, चप्पल, मोबाइलचा रिचार्ज घेते, प्रत्येकावर जीएसटी भरते. आणि योजना फक्त तिलाच आहे का? पीएम किसानचे वर्षाला ६,००० आहेत, राज्याचे नमो शेतकरीचे ६,००० आहेत, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. ते घेऊन शेतकरी आळशी झाला असं मी कधीच म्हणणार नाही. २०१९ मध्ये कंपन्यांचा कर कमी केला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडत असल्याचं केंद्र सरकारनेच सांगितलं होतं. त्यावर असा मेसेज माझ्याकडे तरी आला नाही.

‘आपली श्रीलंका होणार’

श्रीलंकेने २०१९ च्या शेवटी व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. कोविडमध्ये पर्यटन बसलं. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर रातोरात बंदी घालून शेती आडवी केली. डोक्यावर परकीय कर्ज होतंच. २०२२ मध्ये ते फेडायला डॉलर उरले नाहीत. गरिबाच्या धान्याचा याच्याशी संबंध नाही.

राज्याच्या तिजोरीची काळजी मात्र रास्त आहे. लाडकी बहीण २०२४ च्या निवडणुकीआधी घाईघाईत आणली, अर्ज नीट तपासले नाहीत, पुरुषांच्या खात्यांवरही पैसे गेले. पुढे सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी या योजनेकडे वळवला गेला. दलित-आदिवासी मुलांच्या हक्काच्या पैशाला हात लावणं मला संतापजनक वाटतं. त्यावर जाब विचारलाच पाहिजे, पण तो मंत्रालयाला.

‘पैसे नको, काम द्या’

काम दिलं होतं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना (रोहयो) १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर पसरली आणि १९७७ च्या कायद्याने मागेल त्याला काम हा हक्क झाला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, तो आजही पगारातून कापला जातो. त्या मजुरीतून पाझर तलाव झाले, रस्ते झाले, १९९० नंतर रोहयोच्या पैशावर आंबा-डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. आणि तेव्हाही ‘रोहयोमुळे मजूर मिळेनात’ हीच ओरड होती! मनरेगा आली तेव्हाही तीच. आता २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने मनरेगाच्या जागी आणलेल्या कायद्यात पेरणी-काढणीच्या काळात ६० दिवस कामं बंद ठेवायची तरतूद झाली आहे. म्हणजे मजुराला दोन पैसे जास्त मागता येतात नेमके तेच दिवस.

शेतकऱ्याला मजुरी जड जाते, कारण त्याच्या मालाला भाव नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार समितीत अनेकांनी चार हजारांच्या आसपास विकलं. क्विंटलमागे बुडालेले ते आठ-नऊशे रुपये मजूर बाईने नेलेले नाहीत. ते मागायला शेतकरी निघाले, तर मी त्यांच्याबरोबर येईन. रानात राबणाऱ्या बायकांनाही बोलवा, त्याही येतील.